वायफायवाल्या टॅबला बाहेरून जीपीएस जोडून ऑफलाइन नॅव्हिगेशन: कुणी नीट चालवलंय का?

आडवाट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दहा इंची अँड्रॉइड टॅब आहे, फक्त वायफायवाला, सिमची जागाच नाही. गाडीत मोठ्या पडद्यावर नकाशा हवा म्हणून त्यात ऑसमअँड हे ऑफलाइन नकाशाचं अ‍ॅप टाकलं, लागतील तेवढे नकाशे उतरवून ठेवले, घरात बसून रस्ता काढायला सांगितला की व्यवस्थित काढून देतं. पण घराबाहेर पडलं की आपली जागा दाखवणारा निळा ठिपका जिथल्या तिथे. गाडी कुठच्या कुठे पोचते तरी ठिपका घरीच.

फोनवर हेच सगळं उत्तम चालतं, पण शेजारी बसणाऱ्याला नकाशा वाचून पुढचा फाटा सांगायचा असेल तर फोनचा पडदा पुरत नाही. आम्ही जातो तिकडे रेंजही नसते, त्यामुळे ऑनलाइनचा प्रश्नच नाही.

बाहेरून जोडायचा जीपीएस रिसीव्हर मिळतो असं वाचलं. घेतला तर काम होईल का? ब्लूटूथवाला बरा की यूएसबी? आणि मुख्य म्हणजे त्याचं लोकेशन सगळ्या अ‍ॅप्सना मिळतं की एखाद्यालाच? वापरलेल्यांनी सविस्तर लिहा, ऐकीव नको.

चकमक
सिमवाला टॅब घ्या, विषय संपला.

वाटाड्या
चकमक, चांगला चालणारा टॅब टाकून दुसरा कशाला घ्यायचा?

आडवाट, आधी घोडं कुठं अडलंय ते बघा. वायफायवाल्या अँड्रॉइड टॅबमध्ये जीपीएसची चिप कधी असते, कधी नसते, कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलतं. जीपीएसटेस्टसारखं अ‍ॅप टाका, विमान मोड चालू करा, वायफाय ब्लूटूथ सगळं बंद, मग मोकळ्या आकाशाखाली टॅब ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. उपग्रहांची यादी भरायला लागली की चिप आहे, मग रिसीव्हरची गरज नाही, सेटिंगचा घोळ असणार. यादी रिकामीच राहिली तर चिप नाही.

घरात ठिपका बरोबर दिसतो ना, तो जीपीएसचा नसतो. आजूबाजूचे वायफाय राउटर कुठे आहेत याची यादी सर्व्हरवर असते, त्यावरून टॅब अंदाज लावतो. राउटर संपले की अंदाजही संपला.

आडवाट
केलं. गच्चीवर अर्धा तास ठेवला, यादी रिकामी. म्हणजे चिप नाही.

ध्रुवदर्शी
हीच गोष्ट आयपॅडची. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सेल्युलरवाल्यात असतो, आणि त्यात सिम नसलं तरी तो चालतो. विकणारे हे सांगत नाहीत आणि घेणारा विचारत नाही.

जीपीएसला इंटरनेट लागतं हा समज लोकांच्या डोक्यातून जाता जात नाही. रिसीव्हर फक्त ऐकतो, उपग्रहाला काहीही पाठवत नाही. साधारण २०,२०० किलोमीटरवरून संदेश येतो, सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाचा स्वतःच्या कक्षेचा तपशील ३० सेकंदांच्या संदेशात बसतो, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून वाटाड्या थांबा म्हणाले ते बरोबर आहे.

सुलभा_प्र
मग माझ्या फोनला दोन सेकंदांत जागा कशी कळते? हा प्रश्न मला खूप दिवस आहे.

ध्रुवदर्शी
सुलभाताई, कारण फोन तोच कक्षेचा तपशील इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो, उपग्रहाकडून थेंबथेंब येण्याची वाट बघत नाही. त्याला असिस्टेड जीपीएस म्हणतात. रेंज नसेल तर फोनलाही थांबावं लागतं. हा तपशील काही तासच उपयोगाचा असतो, त्यामुळे रात्रभर बंद असलेला रिसीव्हर सकाळी पहिल्यांदा जागा शोधायला वेळ घेतो, दुपारी जेवायला थांबून परत चालू केलात तर लगेच पकडतो. निघायच्या आधी दोन मिनिटं मोकळ्यावर चालू करून ठेवा, चालत्या गाडीत पहिला फिक्स, म्हणजे जागेचा पहिला पत्ता, मिळवायला त्याला जास्त कष्ट पडतात.

सुलभा_प्र
धन्यवाद, आत्ता नीट कळलं. वाचनखूण साठवली.

गिअरबॉक्स
आडवाट, मी हे रोज वापरतो, गाडीत टॅब कायमचा बसवलेला आहे. अँड्रॉइडची रीत सांगतो.

रिसीव्हर काय करतो तर सेकंदाला एकदा किंवा जास्त वेळा साध्या मजकुराच्या ओळी पाठवतो, एनएमईए ०१८३ नावाचं प्रमाण आहे, मुळात जहाजांवरच्या उपकरणांसाठी केलेलं. अँड्रॉइडला या ओळी आपणहून समजत नाहीत. मध्ये एक अ‍ॅप लागतं जे ब्लूटूथवरून किंवा यूएसबीवरून ओळी वाचतं आणि सिस्टिमला सांगतं की जागा ही घे. सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, तिथे मॉक लोकेशन (म्हणजे अ‍ॅपने सिस्टिमला पुरवलेली जागा) अ‍ॅप निवडा असा पर्याय आहे, त्यात हे मधलं अ‍ॅप निवडायचं. एवढं झालं की ऑसमअँड असो, ऑरगॅनिक मॅप्स असो, गूगल मॅप्सचे उतरवलेले नकाशे असोत, सगळ्यांना तीच जागा मिळते.

आता जिथे लोक अडकतात ते सांगतो. रिसीव्हर खराब क्वचित असतो. बहुतेक वेळा टॅबची बॅटरी वाचवणारी यंत्रणा मधल्या अ‍ॅपला झोपवते आणि ठिपका थांबतो, आणि माणूस रिसीव्हरला शिव्या घालतो. त्या अ‍ॅपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, हे पहिलं काम.

आडवाट
गिअरबॉक्स भाऊ, मनापासून आभार. डेव्हलपर ऑप्शन्स चालू ठेवण्यात धोका नाही ना? टॅबवर बँकेचं अ‍ॅपही आहे.

गिअरबॉक्स
आतल्या बाकीच्या पर्यायांना हात लावू नका, बस. मात्र काही बँकेची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडतच नाहीत. आणि ज्या अ‍ॅप्सचं काम तुमची जागा खरी आहे का ते तपासण्यावर चालतं, म्हणजे हजेरी, डिलिव्हरी, टॅक्सी, काही खेळ, ती मॉक लोकेशन ओळखून नकार देतात, अँड्रॉइड त्यांना तसं कळवतं. नॅव्हिगेशनवाल्यांना फरक पडत नाही. टॅब गाडीपुरता ठेवायचा असेल तर बँक फोनवर ठेवा.

नकाशाकार
मॉक लोकेशनची भानगड टाळता येते हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काही अ‍ॅप्स रिसीव्हरशी थेट बोलतात. ओरक्समॅप्समध्ये बाहेरच्या जीपीएसचा पर्याय आहे, क्यूफील्ड आणि एसडब्ल्यू मॅप्समध्येही आहे. आमचं सर्वेक्षणाचं काम पूर्ण असंच चालतं. सिस्टिमच्या वाटेने गेलं की मधल्या अ‍ॅपला जेवढं सांगता येतं तेवढंच पुढे पोचतं. थेट जोडलं की फिक्स कोणत्या दर्जाचा, किती उपग्रह, चूक किती असू शकेल, सगळं हातात येतं.

एकदा तरी त्या कच्च्या ओळी उघडून बघा, बहुतेक मधल्या अ‍ॅप्समध्ये दिसतात. आरएमसी नावाच्या ओळीत वेळेच्या लगेच पुढे एक अक्षर असतं. ते ए असेल तर जागा ग्राह्य, व्ही असेल तर रिसीव्हर बोलतोय पण त्याला अजून जागा मिळालेली नाही. ओळी येतच नाहीत म्हणजे जोडणीचा प्रश्न, ओळी येतात पण व्ही आहे म्हणजे आकाशाचा प्रश्न, आणि ए असूनही नकाशा हलत नाही म्हणजे मॉक लोकेशन किंवा बॅटरीवाला प्रश्न. या एका अक्षरावरून तिढा कुठे आहे ते मिनिटात कळतं.

वाटाड्या
वा! नकाशाकार, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवण्यासारखा आहे.

शिडाची_होडी
आम्ही समुद्रावर ओपनसीपीएन हे सागरी नकाशांचं अ‍ॅप वापरतो. रिसीव्हर एकच, तो होडीच्या वायफायवर एनएमईए ओळी सोडतो आणि सुकाणूपाशी एक आणि आत टेबलावर एक असे दोन्ही टॅब त्याच ओळी वाचतात. ब्लूटूथवर एका वेळी साधारण एकच टॅब जोडता येतो, वायफायवर ती अडचण नाही. गाडीत मागच्या सीटवरच्यांनाही नकाशा हवा असेल तर विचार करा.

फक्त एक कळकळीने सांगते, पाण्यावर टॅब हे एकमेव साधन ठेवू नका. ऊन लागलं की तापून बंद पडतो, पडद्यावर पाणी पडलं की बोट ओळखत नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र असलंच पाहिजे.

चकमक
+१ तापण्याला. काचेमागे उन्हात ठेवलेला टॅब, चार्जिंग चालू, पडदा पूर्ण उजेडावर, तो बंद पडणारच. एसीच्या झोतासमोर बसवा.

पॅनियर
मी सायकलवाला, माझं मत यूएसबीच्या बाजूने. ब्लूटूथ रिसीव्हर म्हणजे चार्ज करायची अजून एक वस्तू, आणि रात्री विसरलात की सकाळी बोंब. यूएसबीचा काडीएवढा यू-ब्लॉक्स कंपनीच्या चिपचा रिसीव्हर ओटीजी वायरने (टॅबला यूएसबी उपकरण जोडणारी वायर) लावला की झालं, जोडी जुळवणं नको, बॅटरी नको.

गिअरबॉक्स
पॅनियर, सायकलवर ठीक, गाडीत नाही पटत. टॅबला बहुधा एकच पोर्ट असतो, तो रिसीव्हरने अडवला तर चार्जिंग कुठून? त्यासाठी वीज आणि डेटा दोन्ही एकत्र देणारा हब लागतो, आणि प्रत्येक टॅब एका वेळी दोन्ही करू देतोच असं नाही. शिवाय खड्ड्यात वायर हलली की जोडणी तुटते आणि परवानगीची चौकट परत पडद्यावर येते, ते पण नेमकं वळणावर. ब्लूटूथवाला रिसीव्हर गाडीच्या चार्जरलाच लावून ठेवा, त्याची बॅटरी विसरण्याचा प्रश्नच मिटतो.

पॅनियर
हबचा मुद्दा मान्य. पण चौकटीत हे उपकरण जोडलं की नेहमी हेच अ‍ॅप उघडा असं ठेवता येतं, मग परत विचारत नाही.

गिअरबॉक्स
काही टॅबवर ठेवता येतं. माझ्या टॅबवर टिकत नाही.

सफरचंद
आयपॅडवाल्यांनी वरचं सगळं विसरा. तिथे मॉक लोकेशन हा प्रकार नाही. साधा, स्वस्तातला ब्लूटूथ जीपीएस आयपॅड जोडूच देत नाही, कारण तो ज्या सिरियल प्रकाराने बोलतो तो अ‍ॅपलने फक्त मान्यताप्राप्त उपकरणांना खुला ठेवलाय. गार्मिन ग्लो, बॅड एल्फ, ड्युअलचे एक्सजीपीएस, असे आयपॅडसाठी मान्यता घेतलेले रिसीव्हर घ्यावे लागतात. पण एकदा जोडला की काही करावं लागत नाही, सगळ्या अ‍ॅप्सना आपोआप लोकेशन मिळतं. लहान विमानं उडवणारे हेच वापरतात.

ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवर चालणारे रिसीव्हरही आहेत, पण त्यांची जागा फक्त त्या त्या अ‍ॅपपुरती राहते, आयपॅडच्या बाकीच्या अ‍ॅप्सना कळत नाही. जाहिरातीत आयपॅडवर चालतो एवढंच लिहिलेलं असतं, ही ओळ वाचून घेऊ नका, तुमच्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये चालतो का ते बघा.

रानवाट
कुणी जुना वापरलेला रिसीव्हर घेत असेल तर दोन गोष्टी बघा, मी त्यातून गेलेय.

एक, जुन्या सर्फस्टार ३ चिपच्या रिसीव्हरमध्ये स्टॅटिक नॅव्हिगेशन म्हणून एक सोय असते. गाडी सिग्नलला उभी असताना ठिपका उगाच नाचू नये म्हणून वेग फार कमी झाला की तो जागा गोठवून ठेवतो. गाडीत हे छान, पण पायी चालताना चढावर आपण हळू झालो की ठिपका थांबतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. पायवाट फुटते तिथे नेमकं हे झालं तर माणूस चुकीच्या वाटेला लागतो. ही सोय बंद करता येते का ते विकणाऱ्याला आधी विचारा.

दोन, तारीख. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा दहा बिटांत असतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की परत शून्य. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि नंतर २०१९ च्या एप्रिलमध्ये. फर्मवेअर, म्हणजे रिसीव्हरच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर रिसीव्हर जागा बरोबर सांगतो पण तारीख जवळपास वीस वर्षं मागची. मग नकाशाचं अ‍ॅप म्हणतं की ही जागा तर कधीची शिळी आहे, आणि घेतच नाही. सगळे रिसीव्हर एकाच दिवशी बिघडत नाहीत, फर्मवेअर कधीचं त्यावर आहे.

चकमक
वीस वर्षं मागे जाणारा रिसीव्हर मला पाठवून द्या, गुडघ्यांना लावून बघतो :)

रानवाट
चकमक काका, तो ज्यांच्याकडे आहे ते गुडघे धरूनच बसलेत :)

सुलभा_प्र
पुढचं कधी मग?

रानवाट
२०३८ च्या नोव्हेंबरमध्ये. नव्या संदेशांत आठवड्यांचा आकडा तेरा बिटांत आहे, त्यामुळे ते वापरणाऱ्या रिसीव्हरना हा त्रास नाही.

मंगेश_रा
जरा वेगळं विचारतो. ड्युअल फ्रीक्वेन्सी, दहा हर्ट्झ, चार-चार उपग्रह प्रणाली असं बरंच काही लिहिलेलं असतं, गाडीसाठी त्यातलं काय खरंच लागतं?

नकाशाकार
ताशी ९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. एक हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एकदा जागा, मधल्या वेळात अ‍ॅप अंदाजाने ठिपका पुढे सरकवतं. हमरस्त्यावर पुरतं. पाठोपाठ फाटे असतील तिथे पाच किंवा दहा हर्ट्झचा फरक जाणवतो.

जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायदू या इतर देशांच्या उपग्रह प्रणाली पकडणारा असेल तर दरीत किंवा उंच इमारतींमध्ये जे थोडं आकाश दिसतं त्यात जास्त उपग्रह सापडतात. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ड्युअल फ्रीक्वेन्सी म्हणजे उपग्रहाच्या नेहमीच्या एल१ लहरीच्या जोडीला एल५ किंवा एल२ ही दुसरी लहर, त्याने वातावरणातून येणारी चूक मोजून काढता येते, आणि एल५ वर भिंतींवरून परावर्तित होऊन येणारे संदेश वेगळे ओळखणं सोपं जातं. शहरात उपयोगी, मोकळ्या रस्त्याला लागत नाही. सेंटिमीटरवाले आरटीके रिसीव्हर गाडीसाठी घेऊ नका, त्यांना जागेतली चूक दुरुस्त करणारा डेटा सतत पुरवावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा इंटरनेटवरूनच येतो. आपला धागाच ऑफलाइनचा आहे.

अवांतर: उंची जुळत नाही अशी तक्रार पुष्कळ जण करतात. रिसीव्हर समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, अँड्रॉइडची नेहमीची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. दोन्हीतला फरक जागेप्रमाणे बदलतो, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो १०० मीटरच्या वर जातो. मधल्या अ‍ॅपने ही वजाबाकी नीट केली नसेल तर शिखराची उंची भलतीच दिसते. रिसीव्हर ठीक असतो.

फाटा_चुकला
इतकं कशाला? खिशात फोन आहे, फोनला जीपीएस आहे. फोनची जागा एनएमईए ओळींमध्ये हॉटस्पॉटवरून सोडणारी अ‍ॅप्स आहेत, टॅबवर तेच मधलं अ‍ॅप वायफायवर ऐकायला ठेवा. इंटरनेट लागत नाही, हॉटस्पॉट फक्त दोघांना जोडण्यापुरता. खर्च शून्य. आधी हे करून बघा, जमलं नाही तर रिसीव्हर घ्या.

वाटाड्या
फाटा_चुकला, अनुमोदन. फक्त फोनची बॅटरी लवकर संपते, आणि जिथे रेंज नाही तिथे फोन हा अडीअडचणीचा आधार असतो. गाडीत चार्जरवर ठीक, पायी मी हे करणार नाही.

गिअरबॉक्स
रिसीव्हर कुठे ठेवायचा ते राहिलं. काही गाड्यांच्या पुढच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, त्यातून जीपीएसचा संदेश नीट येत नाही. आरशाच्या मागे काचेवर ठिपक्याठिपक्यांचा पट्टा असतो, तिथे बहुतेकदा हा थर सोडलेला असतो. बाहेरच्या रिसीव्हरचा खरा फायदा हाच, टॅब एसीसमोर सावलीत आणि रिसीव्हर जिथून आकाश दिसतं तिथे. डॅशकॅमच्या अगदी शेजारी मात्र ठेवू नका, काही डॅशकॅम इतका विद्युत गोंगाट करतात की रिसीव्हर बहिरा होतो.

आडवाट
मंडळी, सगळे प्रतिसाद वाचून पुढचं पाऊल टाकलं, कळवतो.

आधी फाटा_चुकला यांची फोनवाली रीत केली, चालली, त्यामुळे टॅबवरचं मधलं अ‍ॅप आणि मॉक लोकेशन रिसीव्हर घ्यायच्या आधीच जमून गेलं. नवीन माणसाला मी हाच क्रम सांगेन. मग दहा हर्ट्झचा ब्लूटूथ रिसीव्हर घेतला, आणि तो गाडीच्या चार्जरला लावून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ठेवला.

पहिल्या फेरीत वेगळीच गंमत झाली. वस्तीतून जाताना ठिपका मध्येच दोन गल्ल्या पलीकडे उडी मारायचा आणि परत यायचा. नकाशाकारांनी सांगितल्याप्रमाणे ओळी उघडून पाहिल्या, अक्षर ए, म्हणजे रिसीव्हर बरोबर. मग लक्षात आलं की टॅब आजूबाजूच्या राउटरवरून स्वतःचा अंदाजही मध्ये घुसवतोय. सेटिंगमध्ये लोकेशन अ‍ॅक्युरसी आणि वायफाय स्कॅनिंग दोन्ही बंद केलं, उड्या थांबल्या. रेंज नसलेल्या घाटात शेजारच्या सीटवरून पुढची तिन्ही वळणं आधी सांगता आली, चालवणाऱ्याला पडद्याकडे बघावंच लागलं नाही.

वाटाड्या
झकास! ते लोकेशन अ‍ॅक्युरसीचं आमच्यापैकी कुणीच लिहिलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

मंगेश_रा
आडवाट, एक राहिलं. गाडी बंद केली की रिसीव्हरची वीज जाते, परत चालू केल्यावर टॅब आपोआप जोडतो का?

आडवाट
मधल्या अ‍ॅपमध्ये जोडणी तुटली तर परत प्रयत्न कर असा पर्याय आहे, तो चालू ठेवला की जोडतो, पंधरा-वीस सेकंद लागतात. पर्याय बंद असेल तर दर थांब्यानंतर हाताने जोडावं लागतं.

शिडाची_होडी
आणि निघायच्या आदल्या रात्री विमान मोड लावून एकदा रस्ता काढून बघत जा. नकाशा उतरवलाय असं वाटतं पण शेजारचा तुकडा राहिलेला असतो, तो रेंज गेल्यावरच कळतो.